रॉकेट म्हणून वर, विमान म्हणून खाली: जुन्या स्पेस प्लेनची कॉपी बनवताना

बूस्ट ग्लायडर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. लाँच रॉडवरून नेहमीच्या मॉडेल रॉकेटसारखं सरळ वर जातं, मोटर, म्हणजे इंधन भरलेली कागदी नळी, जळून संपते, आणि मग पॅराशूट वगैरे काही न उघडता ते पंखांवर तरंगत खाली येतं. एवढंच. पण ह्या "एवढंच" मध्ये जी गोम आहे ना ती कळली की माणूस ह्या छंदात अडकतोच. रॉकेटला वर जाताना नाकाच्या रेषेत सरळ जायचं असतं, आणि ग्लायडरला तरंगायला नाक किंचित वर उचलून धरणारा ट्रिम, म्हणजे पंख-शेपटीची तशी जुळणी, लागतो, आणि तोच ट्रिम ठेवून मोटर पेटवली तर त्या वेगात मॉडेल सरळ जाण्याऐवजी लूप मारून जमिनीत घुसतं. म्हणजे वर पोचल्यावर कुणीतरी ट्रिम बदलायला पाहिजे. रिमोट नाही, बॅटरी नाही, वर बसून बदलणारं कुणी नाही. मग कसं करायचं?

ह्याचं सगळ्यात पहिल्या पिढीतलं उत्तर म्हणजे एस्टेस ह्या अमेरिकन मॉडेल रॉकेट कंपनीचं अ‍ॅस्ट्रॉन स्पेस प्लेन, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचं, व्हर्न एस्टेस आणि जॉन शुट्झ ह्यांचं डिझाइन. माझी कॉपी त्याचीच आहे. ह्यात मोटर शेपटीत असते आणि ती आत बसलेली असेपर्यंत पंखांमागच्या हलणाऱ्या पट्ट्या, म्हणजे एलेव्हॉन, सपाट अडकून राहतात. मोटर जळून झाली की डिले, म्हणजे हळू जळून थोडा वेळ काढणारा थर, जळतो, मग इजेक्शन चार्ज, म्हणजे शेवटचा छोटा बार, उडतो, त्या धक्क्याने रिकामी मोटर मागून बाहेर फेकली जाते, आणि अडवणारं काही न राहिल्याने इलास्टिक एलेव्हॉनना वर ओढतं. झालं विमान तयार! शिवाय मोटरचं वजन शेपटीतून गेल्यामुळे सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, पुढे सरकतो, मॉडेल नाकात जड होतं, आणि नेमक्या त्याच वेळी वर उचललेले एलेव्हॉन शेपटी खाली दाबून नाक सावरतात. एकाच चार्जमध्ये दोन्ही कामं. मला तर हे आजही कुठल्याही सर्वोपेक्षा (रिमोटच्या विमानात पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरपेक्षा) सुंदर वाटतं.

आणि हे तेव्हाच का जमलं ह्यालाही कारण आहे. मोटर प्रत्येक वेळी सारखी वागली तरच असली करामत चालते. एस्टेसने आधी मोटरी दाबून भरणारं एक मशीन बनवलं होतं, मेबल नावाचं, दर साडेपाच सेकंदाला एक मोटर काढणारं. कंपनी डेनव्हरला सुरू झाली, १९६१ मध्ये कोलोरॅडोतच पेनरोजला गेली. थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर), डिले, इजेक्शन सगळं एका कागदी नळीत, ठरलेल्या मापात आणि भरवशाचं. ते नसतं तर स्पेस प्लेन कागदावरच राहिलं असतं.

जुन्या किटांचे प्लॅन लोकांनी स्कॅन करून जपून ठेवलेत त्यामुळे आकाराची चिंता नव्हती, फक्त प्रिंट काढल्यावर स्केलपट्टी लावून माप बरोबर आलंय का हे बघून घ्यायचं, प्रिंटर गुपचूप दोनचार टक्के छोटं करतो. बाल्सा, म्हणजे मॉडेलसाठीचं हलकं लाकूड, निवडताना मात्र वेळ द्यायचा. पंखाला हलकी पण ताठ शीट, लाकडाच्या रेषा पुढच्या कडेला समांतर, नाहीतर बूस्टच्या, म्हणजे मोटरवर वर जातानाच्या, वेगात पंख फडफडून मोडतो. पुढची कड गोल, मागची निमुळती, आणि दोन्ही पंख एकत्र धरून पॉलिश पेपर मारायचा म्हणजे एक जाड एक बारीक असं होत नाही. पंख चिकटवायला जुनी डबल ग्लू पद्धत, पांढऱ्या गमचा पातळ थर दोन्हीकडे लावून सुकू द्यायचा, मग दुसरा थर लावून दाबायचं. सुपरग्लूपेक्षा वेळ जातो पण सांधा जबरदस्त होतो.

खरा जीव एलेव्हॉनच्या बिजागरीत आहे. मी पातळ कापडाची पट्टी वापरली, आणि गम फक्त पट्टीच्या दोन बाजूंना, मधल्या फटीत टिपूसही जाऊ दिला नाही. मॉडेल उलटं धरलं की एलेव्हॉन स्वतःच्या वजनाने लोंबायला हवा, अडखळत असेल तर इलास्टिक कितीही ताणलं तरी वर जाऊन तो अर्धवटच उघडणार. वर किती उचलायचा हे ठरवायला छोटासा थांबा ठेवायचा आणि ग्लाइड बघून तो घासून कमी जास्त करायचा.

दुसरी नाजूक जागा म्हणजे मोटरची फिटिंग. नेहमीच्या रॉकेटमध्ये मोटर घट्टच बसवतात, इथे उलटं. फार घट्ट बसली तर बाहेर पडणार नाही, एलेव्हॉन सपाटच राहतील, आणि मॉडेल नाक खाली करून भाल्यासारखं येईल. सैल असली तर रॉडवरच सरकेल. जळताना काळजी नसते, थ्रस्ट तिला पुढच्या ठोकळ्यावर दाबूनच धरतो. म्हणून मास्किंग टेपचा अगदी थोडा वेढा द्यायचा, दोन बोटांनी ओढली की सरकन यावी पण हलवून पडू नये, आणि हा टेप लाँचच्या जरा आधीच लावायचा कारण दमट हवेत कागदी नळी फुगते आणि आदल्या दिवशीची फिटिंग बदलून जाते.

रंगाबद्दल माझं स्पष्ट मत आहे की कमी लावा. जुन्या फोटोंसारखी चकचकीत फिनिश हवी म्हणून सीलरचे थरावर थर दिले की शेपटी जड होते, आणि मोटर तिथेच असल्यामुळे बूस्टमधली स्थिरता आधीच काठावर असते. भरलेली मोटर घालून, सीजीवर दोरी बांधून, डोक्यावरून गोल फिरवून बघायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, नाहीतर नाकात थोडी क्ले.

मग मोटर काढून हाताने सोडायचं, उंच गवतावर असेल तर उत्तम. नाक वर करून थबकत थबकत गेलं तर एलेव्हॉन थोडे खाली, सरळ डाइव्ह मारलं तर थोडे वर. आणि एका पंखाच्या टोकाला अगदी चिमूटभर क्ले, म्हणजे वरून गोल चकरा मारत येतं आणि फार लांब जात नाही. लाँचला ए८-३ सारखी छोटी मोटर पुरते, डिले लहानच हवा, कारण लांब डिलेत मॉडेल शिखर ओलांडून खाली वेग पकडतं आणि त्या वेगात एलेव्हॉन उघडणं पंखांना सोसत नाही. इग्निशन इलेक्ट्रिकच, किमान ५ मीटर लांबून, आणि रिकामी मोटर गिरक्या घेत पडते तर तिच्या खाली कुणी नको.

आता काही जण म्हणतात की मोटर नाकाकडे असलेला पॉड (मोटर धरणारा वेगळा भाग) लाव, सोपं पडतं. ते खरंच आहे. लॅरी रेंगर ह्या डिझायनरच्या स्काय स्लॅश ग्लायडरने मोटर पुढे आणली, नंतर सुटणारे पॉड आले, मोटरच्या वजनाने बूस्ट आपोआप स्थिर होतो, पॉड सुटला की सीजी मागे ग्लाइडच्या जागी येतो, एकही हलणारा भाग नाही. स्पर्धेसाठी मीही तेच बनवीन (पॉड हळू खाली यावा म्हणून लावलेली फीत, म्हणजे स्ट्रीमर, ग्लायडरला अडकून दोघं एकत्र पडतात, त्याला रेड बॅरन म्हणतात, ती डोकेदुखी तिथे आहेच). पण स्पेस प्लेनला पॉड लावला तर ते स्पेस प्लेन राहत नाही, फक्त त्याच्या आकाराचं दुसरं काहीतरी होतं. रंग, डिकल, गम, लाकूड हे बदललं तरी माझी हरकत नाही. मोटर शेपटीतून सुटून एलेव्हॉन उघडणं, हे मात्र जसंच्या तसं पाहिजे. पुढची कॉपी स्काय स्लॅशची करायची आहे, बाल्साच्या शीट वजन करून वेगळ्या काढून ठेवल्यात.