जास्तीची खोली

एडिनबरामधल्या आमच्या इमारतीत समोर राहणाऱ्या बाई पंचावन्नच्या, एकट्या, तब्येतीपायी नोकरी सुटलेली. त्यांची बहीण इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला, थेट तशाच परिस्थितीत. दोघींची घरं काउन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेने भाड्याने दिलेली, मुलं बाहेर पडलेली, एक खोली जास्तीची. लंडनच्या सरकारचा एप्रिल २०१३ पासूनचा नियम असा की, एक खोली जास्त असेल तर घरभाड्याच्या मदतीतून भाड्याच्या १४ टक्के कापायचे, दोन असतील तर २५ टक्के. लोक त्याला ‘बेडरूम टॅक्स’च म्हणतात. न्यूकॅसलची बहीण ही तूट पोटाला चिमटा काढून भरते. इथे ती स्कॉटलंडचं सरकार काउन्सिलमार्फत भरून देतं. अर्ज तेवढा करायचा. आपल्या माणसांना झळ लागू द्यायची नाही, असं एका प्रांताने ठरवलं आणि निभावलं! मला हेवा वाटला.

त्याहून मोठं काम त्यांनी १ ऑगस्ट २०१६ ला केलं. भाडेकरूंना काउन्सिलची घरं सवलतीत विकणं बंद. थॅचर सरकारने १९८० मध्ये हा हक्क दिला आणि एकट्या स्कॉटलंडमध्ये जवळजवळ पाच लाख घरं गेली. मी राहते तेही त्यातलंच. आज खासगी मालकाला मी समोरच्या बाईंच्या दुप्पट भाडं देते. आमच्या व्हिसावर सरकारी घर मिळत नाही, कर मात्र सगळे भरायचे. तरी विक्री थांबवली ते योग्यच. इंग्लंडमध्ये ती अजून चालू आहे.

बाईंना मी वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीच्या पुनर्विकासाचं सांगितलं. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, तेही फुकट. त्यांनी विचारलं, “मग पुढच्या गरजूला सरकार कुठलं घर देणार?”

प्रश्न झोंबला. आमच्या तीन पिढ्या सामायिक संडासापुढे रांगा लावून तिथे राहिल्या. ते घर दान नाही. गिरण्या ज्यांनी चालवल्या त्यांचा वरळीवर हक्कच आहे, आणि खर्चही त्याच जागेवर विकायच्या नव्या घरांतून निघायचा आहे. शिवाय इथे तरी कुठे आलबेल आहे? मे २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारनेच घरांची आणीबाणी जाहीर केली.

पण म्हाडाच्या सोडतीतलं घरही विकतच घ्यावं लागतं. आज गावाहून येऊन मुंबईत डिलिव्हरी करणाऱ्या पोराला परवडेल असं भाड्याचं सरकारी घर जवळजवळ नाहीच. १९२० च्या दशकात बीडीडीच्या खोल्या भाड्यानेच द्यायला बांधल्या होत्या. तशी घरं म्हाडाने पुन्हा बांधावीत, आणि ती मागणी आम्ही चाळवाल्यांनीच आधी करावी.