शाळा सुटल्यानंतरची परेड: ४८ कॅडेट, नव्वद मिनिटं

संध्याकाळी साडेपाचला मैदानात उभं असलेलं आठवी-नववीतलं पोर दिवसभर बाकावर बसून आलेलं असतं. सातनंतर त्याला क्लास असतो आणि दुपारचा डबा कधीच जिरलेला असतो. अनेक शाळांत एनसीसीच्या ज्युनिअर डिव्हिजनची, म्हणजे शालेय गटाची, आठवड्याची परेड नेमकी याच वेळी बसवावी लागते. मग पाऊण तास ड्रिल, अर्धा तास भाषण, शेवटी नाश्ता, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत हजेरी पातळ. या गटाच्या ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. पण त्या धाकावर आलेली मुलं फक्त रांगेत असतात, लक्ष दुसरीकडेच.

उपक्रम चांगला की वाईट, हे ठरवायला एकच कसोटी पुरते. तो रंगात आला असताना मधेच मोजा: या क्षणी किती जणांचे हात रिकामे आहेत? ४८ च्या ट्रूपमध्ये, म्हणजे शाळेच्या एनसीसी पथकात, हा आकडा बाराच्या वर गेला, तर उपक्रमाची मांडणी चुकली. एकाने करून दाखवायचं आणि ४७ जणांनी बघायचं, हा प्रकार शाळेत दिवसभर झालेलाच असतो.

वेळ सगळ्यात आधी हजेरीत सांडते. ४८ नावं एकेक करून पुकारली की आठ-नऊ मिनिटं जातात. सेक्शन कमांडरने, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या गटाच्या नायकाने, आपल्या सेक्शनची मोजणी करून रिपोर्ट दिला तर दोन-तीन मिनिटांत काम होतं, आणि कमांडरला खरंखुरं काम मिळतं. त्यानंतर वीस मिनिटं ड्रिल, तेही एकाच हालचालीचं. पाच मिनिटं पाणी. पन्नास मिनिटं मुख्य उपक्रम. उरलेल्या वेळात पुढच्या आठवड्याच्या सूचना आणि विसर्जन. केळं किंवा चिक्की शेवटाला ठेवण्यापेक्षा पाण्याच्या सुट्टीत द्या. मुलं सहानंतर चिडचिडी होतात त्यामागे बहुतेक वेळा भूकच असते.

ड्रिलची वीस मिनिटंसुद्धा जोड्या लावून करता येतात. ‘विश्राम’मध्ये दोन टाचांत बारा इंचाचं अंतर हवं, म्हणजे दप्तरातली फूटपट्टी बरोबर मावली पाहिजे. ‘सावधान’मध्ये पंजांचा कोन तीस अंशांचा, तो कंपासपेटीतल्या कोनमापकाने पुठ्ठ्यावर कापून घ्या. एक जण उभा, दुसरा पट्टी आणि पुठ्ठा लावून तपासणार, दर पाच मिनिटांनी अदलाबदल. चूक स्वतः मोजलेली असली की ती परत कमी होते. मात्र हरलेल्या जोडीला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावू नका. धावणं ही शिक्षा आहे हे एकदा डोक्यात बसलं की पुढे वर्षभर पीटीच्या नावाने बोंब.

मुख्य उपक्रमांत सगळ्यात कमी खर्चाचा आणि हमखास जमणारा म्हणजे निरीक्षणाची पट्टी. कुंपणाच्या भिंतीलगत वीस मीटर लांब गवताळ जागा निवडा आणि तिच्यापासून पाच मीटरवर सुतळी ताणा. पट्टीत दहा वस्तू ठेवा: स्टीलचा चमचा, खाकी टोपी, मोजा, कंगवा, बाटलीचं झाकण, बुटाची लेस, हिरवा रुमाल, पेन्सिल, दोरीचं वेटोळं, वडापावचा कागद. प्रत्येक वस्तू निदान अर्धी तरी दिसली पाहिजे. पूर्ण पुरलेली वस्तू शोधणं हा निरीक्षणाचा खेळ राहत नाही. एका वेळी बारा जण सुतळीवर, तीन मिनिटं, तोंडातून शब्द नाही, दिसेल ते कागदावर.

खरी मजा यादी वाचताना येते. चमचा सगळ्यांना दिसलेला असतो, हिरवा रुमाल निम्म्यांनाही नसतो. का? चमचा चमकतो. टोपीचा गोल आकार गवतात बसत नाही. मोज्याचा रंग मातीत मिसळतो, पण त्याची सावली त्याला पकडून देते. वस्तू समान अंतरावर ठेवल्या असतील तर दोन सापडल्यावर तिसरी कुठे असेल याचा अंदाज येतो. आकार, सावली, चमक, बाह्यरेषा, पृष्ठभाग, अंतर आणि हालचाल ही फील्डक्राफ्टच्या (मैदानात लपणं-शोधणं शिकवणाऱ्या) धड्यातली, वस्तू नजरेत येण्याची सात कारणं फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा ती अशी मुलांच्याच तोंडून काढावीत. हालचाल मात्र पट्टीत सापडत नाही. त्यासाठी एका कॅडेटला झुडपामागे बसवा आणि दुसऱ्या मिनिटाला फक्त हात हलवायला सांगा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली तुकडी परत येताना दुसरीच्या कानात यादी सांगते, म्हणून दर फेरीला तीन वस्तूंच्या जागा बदला आणि एक वस्तू काढूनच टाका. गायब झालेला कंगवा कुणाच्या यादीत आला की फितुरी आपोआप उघडी पडते. दुसरं म्हणजे मुलं आधी लांब बघतात आणि पायाजवळची पेन्सिल सुटते. जवळून लांब, आणि उजवीकडून डावीकडे बघायला शिकवा. वाचायच्या सवयीने डोळा डावीकडून उजवीकडे सरकन निघून जातो. उलटं गेलं की तो अडखळतो, आणि अडखळला की दिसतं. बाकीचे छत्तीस जण तोवर काय करणार? चोवीस जण जोड्यांनी अंतराचा अंदाज बांधतील आणि नंतर टेपने मोजून फरक लिहितील. बारा जण पुढच्या फेरीची मांडणी लपवून ठेवतील. या बारांना आपली मांडणी सोडून बाकी सगळ्यांच्या फेऱ्या मिळतात, त्यामुळे कुणी कुरकुरत नाही.

कंपासचा, म्हणजे होकायंत्राचा, त्रिकोण याहून अवघड आहे, पण नववीच्या मुलांना तोच आवडतो. आधी प्रत्येकाला आपली पावलं माहीत हवीत. ५० मीटर टेपने आखा, नेहमीच्या चालीने दोनदा चालायला लावा, सरासरी काढा. या वयाच्या मुलांची साधारण ७० ते ८० पावलं होतात. मग चौघांचा गट: एक कंपासवर, एक पावलं मोजणारा, एक लिहिणारा, एक समोर चालत जाणारी खूण. सुरुवातीच्या जागी झाकण ठेवायचं. उत्तरेपासून ४० अंशांवर २० मीटर, मग १६० वर २०, मग २८० वर २०. दर वेळी १२० मिळवायचे. सगळं बरोबर झालं तर पाय परत झाकणावर. सुरुवात ३०० ने केली तर पुढचा आकडा ४२० येतो आणि पोरं बावरतात. त्यातून ३६० वजा करायचे, हे त्यांनाच शोधू द्या.

या खेळात एक फसवणूक लपलेली आहे. कंपास धरण्याच्या चुकीमुळे प्रत्येक बाजू सारखीच पाच अंशांनी वाकडी गेली, तरी त्रिकोण मिटतोच. पावलांचा हिशेब तिन्ही बाजूंना सारखाच चुकला तरीही मिटतो. झाकण सापडलं म्हणून टाळ्या वाजवणारा गट प्रत्यक्षात भलत्याच जागी फिरून आलेला असू शकतो. म्हणून दुसऱ्या कोपऱ्याची खरी जागा तुम्ही आधीच मोजून तिथे छोटी खूण पुरून ठेवा. २० मीटरवर पाच अंशांची चूक म्हणजे जवळपास पावणेदोन मीटर बाजूला, आणि ती तिथे लगेच कळते.

कंपास बहकण्याचं कारण बहुतेकदा लोखंड असतं: फुटबॉलचा गोलपोस्ट, उभ्या स्कूटर, खिशातला मोबाइल, इमारतीच्या खांबातल्या सळया. मैदानाच्या मध्यावर खेळ मांडा. काट्याचं उलटं टोक वाचून बरोबर १८० अंश विरुद्ध दिशेला निघणारा एक गट प्रत्येक ट्रूपमध्ये असतो. त्याला दहा पावलं जाऊ द्यावं, मग थांबवावं. कंपास सहाच असतील तर सहा गट त्रिकोणावर, सहा गट पावलांवर, पंचवीस मिनिटांनी बदल.

पावसाळ्यात मैदान बुडालं की बऱ्याच शाळांत परेड रद्द होते. खरं तर नकाशावाचनासाठी शाळेचा व्हरांडा उत्तम. शहाबादी फरशीचे सांधे म्हणजे तयार ग्रिडरेषा. खालच्या बाजूला खडूने ३१ ते ३८, डावीकडे ६४ ते ६९ लिहा. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटरचा चौकोन जमिनीवरचा १ किलोमीटर असतो, म्हणजे ही एक फरशी आज एक किलोमीटर. ‘३४६६’ पुकारलं की सेक्शनमधला एक कॅडेट त्या फरशीवर उभा राहणार. आधी ईस्टिंग (खालच्या बाजूचा आकडा), मग नॉर्दिंग (डावीकडचा). उलटं केलं की ६६ शोधत मूल खालच्या रेषेवर भिरभिरतं. चौकोनाचं नाव त्याच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यावरून पडतं, हे पाठ करून लक्षात राहत नाही, दोनदा चुकीच्या फरशीवर उभं राहिलं की राहतं. चौकोनातली नेमकी जागा सांगणाऱ्या सहा आकड्यांसाठी फरशीच्या दोन कडांवर दहा-दहा खुणा करा आणि झाकण ठेवायला सांगा. धावणं बंद, ओल्या फरशीवर फक्त चालणं.

प्रथमोपचाराचा दिवस कापडावर अडतो. मीटरभर पन्ह्याचं मांजरपाट एक मीटर घेतलं आणि तिरकं कापलं की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. जोडीला एक पट्टी धरली तर २४ पट्ट्या, म्हणजे १२ मीटर. हाताची झोळी बांधताना कोपरापेक्षा पंजा किंचित वर हवा, गाठ जखमी बाजूच्या गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात, आणि ती रीफ नॉटच: डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दोन्ही वेळा डावंच वर घेतलं तर गाठ आडवी वळते आणि सुटते. शेवटी नख दाबून सोडायला सांगा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला नाही तर पट्टी आवळलेली आहे.

प्रश्नमंजूषेबद्दल थोडक्यात: हात वर करून उत्तर घेतलं की तीच चार मुलं बोलतात. प्रत्येकाला पाटी किंवा कोरा कागद द्या आणि सगळ्यांना एकदम वर धरायला लावा. ‘आउट’ होणारे खेळ टाळा, कारण ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटाला कडेला जाऊन बसतो.

दुसऱ्या वर्षाच्या कॅडेटनी शिकवलं तर पहिल्या वर्षाची मुलं जास्त मोकळी होतात. पण सीनियर लगेच हातातली पट्टी ओढून घेतो, ‘अरे असं नाही, दे इकडे’ म्हणतो आणि स्वतःच बांधून मोकळा होतो. त्यावर सोपा नियम: शिकवताना सीनियरने ‘विश्राम’मध्येच उभं राहायचं, हात मागे. बोलायचं, बोटही लावायचं नाही. तीन दिवस आधी त्याला पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पायऱ्या लिहून द्या आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटं एकदा करून घ्या. आयत्या वेळी सांगितलं तर तो वाचून दाखवतो, शिकवत नाही.

हिवाळ्यात उजेडाचा हिशेब वेगळा लागतो. डिसेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नागपूरला साडेपाचलाच. निरीक्षण, कंपास हे तेव्हा जमत नाही, ध्रुवतारा जमतो. ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, मुंबईला सुमारे १९ अंश, नागपूरला २१. हात ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे दोन मुठी. इतक्या खाली असलेला तारा शेजारच्या तीन मजली इमारतीमागे सहज लपतो, म्हणून आदल्या दिवशी मैदानाचा कोणता कोपरा उत्तरेला मोकळा आहे ते बघून ठेवा. पुस्तकातल्यासारखे सप्तर्षी शोधायला गेलात तर फजिती होईल. डिसेंबरात संध्याकाळी सातला ते क्षितिजाखाली असतात. त्या वेळी उत्तरेला उंचावर शर्मिष्ठा या तारकासमूहाचा ‘एम’ दिसतो, आणि त्याच्या खाली सुमारे तीन मुठींवर ध्रुव. सप्तर्षी मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी. या परेडला पालकांची लेखी परवानगी, मुलींसोबत शिक्षिका आणि घरी जायच्या गटांची यादी आधी तयार हवी. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा. पांढरा झोत डोळ्यांवर पडला तर अंधाराला सरावायला पुन्हा पंधरा-वीस मिनिटं जातात आणि परेड संपते.