घडवणाऱ्याचा हक्क

मंगळवार, रात्री उशिरा

राजीनामा हातात घेताना साहेब एवढेच म्हणाले, "आम्हीच तुम्हाला घडवले, हे विसरू नका." आवाजात राग नव्हता, थोडी मायाच होती, आणि म्हणूनच ते वाक्य संध्याकाळपासून मनातून जात नाही. सुषमाताई फोनवर म्हणाल्या, "अगं, सगळे साहेब असेच बोलतात." बोलत असतील. पण मला उत्तर सुचले नाही, कारण त्यात खोटे काही नव्हते.

रात्री विल्यम गिब्सनची १९८४ सालची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी पुन्हा काढली. सायबरपंकमध्ये, म्हणजे संगणकांनी व्यापलेल्या भविष्याच्या अशा विज्ञानकथांमध्ये, कंपन्यांची सत्ता किती अफाट असते हे सगळेच सांगतात, पण ती सत्ता माणसाच्या शरीरात नेमकी कोठून शिरते हे मला तिचा नायक केस याच्या गोष्टीत दिसते. केसने मालकांची चोरी केली, म्हणून त्यांनी विष देऊन त्याची मज्जासंस्था अशी बिघडवली की ज्या संगणकविश्वासाठी तो जगत होता, ते त्याला कायमचे बंद झाले. मग त्याच्याकडून एक काम करून घ्यायला आर्मिटेज नावाचा माणूस येतो, जपानमधल्या चिबा शहरातल्या एका दवाखान्यात त्याला पूर्ववत करवतो, आणि नंतर सांगतो की त्याच विषाच्या पंधरा पिशव्या आता त्याच्या धमन्यांत हळूहळू विरघळत आहेत आणि काम झाले तरच त्या निकामी केल्या जातील. स्वादुपिंडही बदललेले आहे, त्यामुळे त्याला हवी ती नशा चढत नाही. त्याला मोडणाऱ्यांपेक्षा हा बरे करणारा मला अधिक भयंकर वाटतो. केसची साथीदार मॉली हिने आपल्या नखांखालच्या पात्यांचे पैसे कसे उभे केले, त्याविषयी आज लिहवत नाही.

माझ्यात कसल्या पिशव्या आहेत? नकार देण्याआधी आभार मानण्याची सवय त्यांचीच आहे, आणि रविवारी दुपारीच सोमवारच्या कामांची मांडणी सुरू करणारे डोकेही त्यांचेच. आईशीसुद्धा मी त्याच सुरात बोलते आणि ती गप्प होते. हे सारे वजा केले तर माझे असे काय उरते, हा प्रश्न तासभर छातीवर बसून होता.

पण पुढे वाचताना आर्मिटेजपाशी थांबले. तो स्वतःच कॉर्टो नावाच्या उद्ध्वस्त कर्नलवर चढवलेले एक बनावट व्यक्तिमत्त्व आहे, आणि ते चढवणारी कृत्रिम बुद्धी टेसिए-ॲशपूल घराण्याच्या मालकीची आहे. साहेबांनाही कोणीतरी हेच वाक्य कधी ऐकवले असेल. त्यांची कीव आली, असे मात्र म्हणवत नाही.

शेवटी केसच्या हाती पैसा येतो, तेव्हा त्यातला बराचसा तो नव्या स्वादुपिंडावर आणि यकृतावर घालवतो, आणि उरलेल्यात नवे यंत्र व घरचे तिकीट घेतो. सुटलेला माणूस व्यसनच परत विकत घेतो, म्हणून पूर्वी मला हा शेवट निराश करत असे. आज वेगळीच गोष्ट लक्षात आली. आर्मिटेजने दुरुस्त करवलेली मज्जासंस्था तो कोणाला परत करत नाही, ती कोणाची हेही विचारत नाही, तिच्याच जोरावर पुन्हा कामाला लागतो. काय ठेवायचे आणि काय बदलून घ्यायचे, हे तो स्वतः ठरवतो.

कामाची शिस्त मी नव्या जागी घेऊन जाणार आहे, आणि सोमवारची मांडणीही बहुधा बरोबर येईल. आईशी बोलण्याचा सूर तेवढा आधी बदलायचा आहे.