पंपाला रात्रीची वीज आणि नेपाळची नदी

"आमच्या पंपाला रात्री बारानंतर वीज, आणि तुम्ही लोक नेपाळ-बांगलादेशाशी विजेचा व्यापार करता?" वीजखरेदीच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली, त्यामुळे गावी कुठल्याही कार्यात हा प्रश्न ठरलेला असतो. या वेळी मावसभावाने विचारला आणि पंगत उठली तरी आम्ही तिथेच बसून राहिलो. "दादा, बिल माफ झालं, ते ठीक. पण शेतात पाण्याची दारं धरायला अंधारात मलाच जावं लागतं ना?" तो म्हणाला. त्याला दिलेलं उत्तर इथे नीट मांडतो.

आधी बांगलादेशाचं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी काठमांडूत भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांच्यात जो करार झाला, तो 40 मेगावॉटचा आहे, तोही 15 जून ते 15 नोव्हेंबर एवढ्याच काळापुरता. पाच एचपीचा पंप साधारण पावणेचार किलोवॉट घेतो, म्हणजे 40 मेगावॉटवर जेमतेम दहा-अकरा हजार पंप चालतील. शिवाय ती वीज नेपाळच्या नद्यांची. नेपाळमधल्या धालकेबरहून बिहारमधल्या मुजफ्फरपूरला येते आणि आपल्या तारांवरून पुढे जाते. आपण आपलीही वीज बांगलादेशाला विकतो, हे खरं आहे. पण भावाच्या पंपाचं कोडं तिथे सुटत नाही.

वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही, हे मी त्याला मोबाइलवर दाखवलं. वीज बाजारात दिवसाचे 96 तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. उद्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी खरेदीदार आणि विक्रेते आज बोली लावतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा निघतो. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवसाचा आलेख बघा. भर दुपारी सौर वीज ओसंडून वाहते, तेव्हा भाव युनिटला दोन-तीन रुपये, कधी त्याहूनही खाली. सूर्य मावळला की तोच भाव दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. भाऊ बराच वेळ ती रेघ बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे दुपारी वीज स्वस्त आहे आणि मला रात्री देता?" नेमका मुद्दा त्याने पकडला.

त्याकडे वळण्याआधी सोलापूर. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची उच्चदाब वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका ठोक्यात धडधडू लागलं. तोवर विजेच्या दृष्टीने दक्षिण भारत जणू निराळा देश होता. त्याच बाजारात, त्याच पंधरा मिनिटांना, तिथला भाव आपल्यापेक्षा बराच चढा निघायचा, कारण वीज असूनही न्यायला तारा अपुऱ्या होत्या. जोडणी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी भाव सारखे झाले नाहीत. आणखी वाहिन्या उभ्या राहायला काही वर्षं गेली. पण फरक ओसरत जाताना मी रोज आकड्यांत पाहिला आहे. त्यामुळे नेपाळची सीमा मला परकी वाटत नाही. ती पुढचं सोलापूर वाटते.

आणि नेपाळशी आपलं ऋतूंचं जमतं. पावसाळ्यात तिथल्या नद्या दुथडी भरतात. तेव्हाच पंजाब-हरियाणात भातलावणीचे पंप आणि उत्तरेत उकाडा असतो. थंडीत तिथलं पाणी आटतं, तेव्हा आपली मागणी तुलनेने उतरलेली असते आणि वीज इकडून तिकडे जाते. एकेकाळी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाला पंधरा-सोळा तास भारनियमन असे. 2016 मध्ये मुजफ्फरपूरची वाहिनी सुरू झाली, तिथल्या वीज प्राधिकरणाचा कारभार कुलमान घिसिंग यांच्याकडे आला आणि त्याच वर्षी राजधानीतलं भारनियमन थांबलं. नोव्हेंबर 2021 मध्ये नेपाळने भारताच्या बाजारात वीज विकायला सुरुवात केली, फक्त 39 मेगावॉट, त्रिशुली आणि देवीघाटची. हे दोन्ही प्रकल्प भारताच्या मदतीने उभे राहिलेले.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. भारत प्रत्येक प्रकल्पाची वीज वेगवेगळी तपासून, ठरावीक मुदतीपुरती परवानगी देतो. चिनी गुंतवणूक वा चिनी कंत्राटदार असलेल्या प्रकल्पांची वीज घेत नाही. सुरक्षेची काळजी मला समजते, पण परवान्याच्या नूतनीकरणाची वाट बघत भर पावसाळ्यात धरणावरून पाणी फुकट सांडावं, हे मला पटत नाही.

मोठं दुखणं घरातलं आहे. आपल्याकडे बाजारात शंभरातली दहा युनिटंसुद्धा येत नाहीत. बाकीची लांब पल्ल्याच्या करारांत बांधलेली. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार द्यावाच लागतो. दाभोळची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून द्यायला नको. प्रत्येक वितरण कंपनी स्वतःच्या करारांतली वीज आधी चालवते, मग शेजारच्या राज्यात स्वस्त वीजनिर्मिती संच बसून का असेना. 2019 पासून आंतरराज्य औष्णिक संचांसाठी स्वस्त ते आधी चालवण्याची पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. ती सगळ्यांना लागू करावी असं माझं ठाम मत आहे. घरातला बाजार असा बांधलेला असताना सीमेपलीकडून स्वस्त वीज आली, तरी तिला जागा कुठे?

आता पंप. शेतीला रात्री वीज द्यायची सवय कोळशाच्या काळातली. रात्री मागणी पडायची, संच बंद करता येत नसत, म्हणून तो भार शेतीवर टाकला. आता स्वस्त वीज दुपारी आहे. शेतीचे फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, वेगळे करून त्यांना उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पाची वीज दिली, तर पंप दिवसा चालतो आणि रात्रीचा भार हलका होतो. मग संध्याकाळची टंचाई उरते. ती भागवायला पाण्यावरची वीज लागते. नेपाळच्या काही प्रकल्पांना काही तासांपुरतं पाणी अडवून संध्याकाळी सोडता येतं, आणि तिथेच शेजाऱ्याची वीज आपल्या कामी येते.

भावाने त्याच्या फिडरचं नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. सौर प्रकल्पाला उपकेंद्राजवळ जागा लागते. त्यांच्या गावची गायरान जमीन उपकेंद्रापासून किती लांब आहे, ते तो मोटारसायकलवरून मोजून मला कळवणार आहे.