एगमच्या चित्रदालनातील दोन ध्रुवीय अस्वले

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून गाडीने एगमला उतरलो आणि चढाचा रस्ता चालून रॉयल हॉलोवे महाविद्यालयाच्या लाल विटांच्या भव्य वास्तूपाशी पोहोचलो. एवढा खटाटोप एकाच चित्रासाठी होता. ट्रफाल्गर चौकातील सिंह घडवणाऱ्या सर एडविन लँडसीअर यांनी १८६४ मध्ये रंगवलेले ते चित्र, ‘मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस’, म्हणजे माणूस योजतो एक आणि देव घडवतो दुसरेच, थॉमस हॉलोवे यांनी १८८१ मध्ये आपल्या नियोजित महिला महाविद्यालयासाठी विकत घेतले.

चित्र सुमारे अडीच मीटर रुंद आहे. हिरवट-निळ्या बर्फात मोडलेली डोलकाठी आडवी पडली आहे, जवळच एक दुर्बीण आहे. डावीकडचे अस्वल जहाजाचे लाल निशाण फाडते आहे आणि उजवीकडचे मान वर करून माणसाची बरगडी चावते आहे. हे कोणाचे अवशेष, हे तेव्हाच्या इंग्रज प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. आर्क्टिकमधून अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर जोडणारा वायव्य जलमार्ग शोधण्यासाठी १८४५ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे घेऊन निघालेले सर जॉन फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी, एकूण १२९ माणसे, परतलीच नाहीत. उपासमारीत काहींनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले, असे तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांकडून ऐकून संशोधक-प्रवासी जॉन रे यांनी १८५४ मध्ये कळवले, तेव्हा इंग्लंडात मोठा संताप उसळला. चित्र प्रदर्शित झाले तेव्हा फ्रँकलिन यांच्या पत्नीने त्याकडे पाहण्याचेही टाळले. चित्रासमोर उभे राहिल्यावर त्यांचे दुःख मला फार जवळून जाणवले.

दालनात आजही परीक्षा होतात. या चित्रासमोर बसणारा नापास होतो अशी जुनी समजूत असल्यामुळे परीक्षेच्या काळात त्यावर युनियन जॅक पांघरतात. चित्रात अस्वल ज्या देशाचे निशाण फाडते, त्याच देशाच्या ध्वजाने!

लँडसीअर यांच्या पुष्कळ चित्रांतील कुत्रे आणि हरणे माणसासारखे भाव दाखवतात. ही अस्वले मात्र मला दुष्टही वाटली नाहीत आणि न्याय करणारीही वाटली नाहीत; ती भुकेली आहेत, एवढेच. उजव्या अस्वलाचे डोळे मिटल्यासारखे दिसतात, आणि दालन बंद होण्याची वेळ होईपर्यंत मी त्याच डोळ्यांकडे पाहत राहिलो.