एक खोली विकता येत नाही

जुलै उजाडला की माझ्या टेबलासमोर बसलेला माणूस फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, पुढे सरकवतो, पाणी पितो आणि विचारतो, "मॅडम, हातात थोडे पैसे आहेत. एखादा फ्लॅट घेऊन ठेवू, की शेअर्समध्ये टाकू? लाँग टर्मसाठी हां." पुण्यात हडपसरला गेली २२ वर्षं मी लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरते. रिटर्नच्या गर्दीत दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते दरवेळी अपुरं राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

राहतं घर आधीच बाजूला काढूया. हप्ता पगाराला झेपत असेल तर ते घ्या. घरमालक कधी जागा रिकामी करायला सांगेल ही धास्ती संपते, मुलांची शाळा बदलत नाही. याची टक्केवारी मला काढता येत नाही आणि काढायचीही नाही. तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, दुसऱ्या घराचा.

जवळपास प्रत्येकाकडे एका काकांची गोष्ट असते. काकांनी १९९० साली कोथरूडला दोन लाखांत फ्लॅट घेतला, आज त्याचे सव्वा कोटी येतात. गोष्ट खरी असते. पण दोन लाखांचे सव्वा कोटी म्हणजे साठपटींहून थोडं जास्त आणि ३५ वर्षांवर पसरलं तर वर्षाला साधारण साडेबारा टक्के. त्याच १९९० च्या जुलैमध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, पहिल्यांदा एक हजारावर गेला होता. २०२५ च्या जुलैमध्ये तो ८० हजारांच्या वर होता, म्हणजे ऐंशीपट, आणि लाभांश त्यात धरलेला नाही. काकांनाही इतकी वर्षं राहायला छप्पर मिळालं, तेही धरायला हवं. म्हणजे दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर नाहीच.

अंतर आहे ते दुसरीकडे. कोथरूडचा फ्लॅट ३५ वर्षं सांभाळणारे काका मला शंभर भेटले. १९९० पासून शेअर्स हातात ठेवून बसलेली माणसं दोनच भेटली आणि त्यांतल्या एक आजी होत्या. त्यांच्या यजमानांनी घेतलेल्या शेअर्सचे कागद ट्रंकेत राहिले होते, म्हणून टिकले.

माझ्यासमोर लोकांची स्टेटमेंटं असतात, त्यामुळे हे मला स्पष्ट दिसतं. तोंडाने "लाँग टर्म" म्हणणाऱ्यांच्या कागदात अल्प मुदतीच्या, म्हणजे वर्षाच्या आत विकलेल्या शेअर्सच्या, नफा-तोट्याचा रकाना भरगच्च असतो. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, २००९ च्या मार्चमध्ये आठ हजारांच्या आसपास. त्या वर्षीची रिटर्न भरताना मी पानामागून पान तोट्याचे आकडे लिहिले. २०२० मध्ये २३ मार्चला एका दिवसात जवळपास चार हजार अंश गेले, तेव्हाही तेच झालं. ज्यांनी काही केलं नाही त्यांचे पैसे त्याच वर्षाच्या अखेरीस भरून निघाले होते. फ्लॅटचा भाव रोज छापून येत नाही, विकायला सहा महिने लागतात, म्हणून माणूस तो धरून ठेवतो. काकांच्या नफ्यात या नाइलाजाचा वाटा मोठा आहे.

शेअर्सची बाजू घेते आहे असं वाटून घेऊ नका. १९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ पोचला होता. २००३ च्या एप्रिलमध्ये तो तीन हजारांच्या आसपास होता. अकरा वर्षांनंतरही खाली! तेव्हा शिखरावर घेतलेल्या कुटुंबात मूल पहिलीतून बारावीपर्यंत पोचलं. आणि हा झाला निर्देशांक. एकेकट्या कंपनीचं बोलाल तर कितीतरी कंपन्या कायमच्या बुडाल्या, त्यांचे कागद मी लोकांच्या फायलींत पाहिले आहेत. म्हणून शेअर्स म्हणते तेव्हा मला साधा निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे त्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालणारा म्युच्युअल फंड, अभिप्रेत असतो. मेहुण्याने सांगितलेला एखादा शेअर अभिप्रेत नसतो.

आता दुसऱ्या फ्लॅटचा हिशोब. ८० लाखांचा घेतलात असं धरू. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा एक टक्का धरून सात टक्के, म्हणजे पाच लाख साठ हजार. बाईच्या नावावर घेतलात तर एक टक्का सवलत. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी वेगळा. भाडं आलं २२ हजार. वर्षातून एक महिना फ्लॅट रिकामा धरा. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा कर जाऊन हातात एक लाख नव्वद हजार उरले तर नशीब. घातलेल्या रकमेवर हे सव्वादोन टक्के होतात.

"पण मॅडम, बँक कर्ज देते ना!" देते, आणि यातच घराची खरी ताकद आहे. स्वतःचे १६ लाख घालून ८० लाखांच्या वस्तूची वाढ तुमच्या पदरात पडते. शेअर्ससाठी असं कर्ज कोणी देत नाही आणि दिलं तरी घेऊ नये. पण उरलेल्या ६४ लाखांवर साडेआठ टक्के व्याज धरलं तर २० वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजारांचा बसतो. २२ हजार भाड्यातून, वरचे साडेतेहतीस दर महिन्याला खिशातून. साडेआठ टक्क्यांनी पैसा आणायचा आणि सव्वादोन टक्के भाडं घ्यायचं, म्हणजे फ्लॅटचा भाव दरवर्षी सहा टक्क्यांहून जास्त चढला तरच आपण जिथे होतो तिथे राहतो. काही भागांत काही वर्षं भाव तसे चढतात. पण आठ-दहा वर्षं जागचे न हललेले भागही याच शहरात आहेत. मी हा हिशोब कागदावर मांडते तेव्हा समोरचा माणूस गप्प होतो. तो वर्षाच्या व्याजाचा आकडा पहिल्यांदाच पाहत असतो.

मी स्वतः हे शिकले ते २०१६ साली. आईचं यकृताचं दुखणं त्या दसऱ्याच्या सुमारास कळलं. नऊ-दहा लाख लागणार होते. उंड्रीला आमचा दुसरा फ्लॅट होता, बाजारभाव ४२ लाख सांगत होते. आम्ही निर्धास्त होतो. एकाने विसारही दिला. मग ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि पुढच्या आठवड्यात तो विसार परत मागायला आला. त्यानंतर महिनोन्‌महिने कोणी फिरकलं नाही. एजंट म्हणायचा, थांबा, भाव येईल. पण उपचार थांबणार नव्हते. त्या दिवसांत रात्री मी ४२ लाखांची मालकीण होते आणि सकाळी रुग्णालयाच्या खिडकीवर ८० हजारांसाठी भावाला फोन करत होते. फ्लॅटमधली एक खोली विकता येत नाही. स्वयंपाकघर विकून नऊ लाख उभे करता येत नाहीत. नवऱ्याने वर्षानुवर्षं दोन-दोन हजारांनी जमवलेली म्युच्युअल फंडाची युनिट्स होती, त्यांतली सहा लाखांची विकली आणि तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले. आई तेव्हा सावरली. फ्लॅट गेला २०१८ च्या फेब्रुवारीत, ३७ लाखांना.

आई २०२१ मध्ये गेली. साताऱ्याचं घर वडिलांमागे तिच्या नावावर होतं, मागे आम्ही तिघं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींचा वाटा मुलाइतकाच आहे, पण त्या घरात भाऊ राहतो, त्याची मुलं तिथे वाढली. आम्हा बहिणींपुढे दोनच वाटा होत्या: भावाचं राहतं घर विकायला लावायचं किंवा हक्कसोड पत्रावर सही करायची. आम्ही सही केली, मनापासून केली. पण माझ्याकडे येणाऱ्या किती जणींनी अशी सही केली आहे आणि नंतर नवऱ्याच्या मागे त्या कुठल्या स्थितीत आहेत, हे मी पाहते तेव्हा गलबलतं. कायदा समान वाटा देतो, भिंती तो वाटू देत नाहीत. आईच्या नावाची थोडी युनिट्स होती, त्यांचे तीन सारखे भाग विनातक्रार झाले. मुली असलेल्या प्रत्येक आईबापाला मी हे आवर्जून सांगते.

आमच्या जवळच मगरपट्टा आहे. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन बिल्डरला तुकड्या-तुकड्याने विकली नाही. सतीश मगरांच्या पुढाकाराने सगळ्यांनी ती एकत्र करून तिच्यावर वसाहत उभारली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे कंपनीत शेअर, असा हिशोब ठेवला. जमीन हातात राहिली आणि तिचे वाटेही पाडता आले. जमिनीत पैसा की शेअर्समध्ये, असं कोणी विचारलं की मला ते आठवतं.

कराचं एका ओळीत: २३ जुलै २०२४ पासून दोन्हीकडच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहेत, शेअर्सना वर्षाला सव्वा लाखांची सूट, आणि त्या तारखेआधी घेतलेल्या घराला २० टक्के व महागाईची वजावट हा जुना पर्यायही आहे. त्यावरून निर्णय फिरवू नका.

मी आता आधी एकच विचारते: हे पैसे कधी लागणार? गेल्या आठवड्यात एक सिस्टर आल्या होत्या. १४ लाख साठलेले, फुरसुंगीला वन बीएचके बघून ठेवलेला, भाड्याने देण्यासाठी. मुलगी आठवीत, तिला डॉक्टर व्हायचं आहे. म्हणजे पाच वर्षांत मोठी फी. सासूबाई ७४ वर्षांच्या. आम्ही कागदावर वर्षं मांडली. फीच्या आणि दवाखान्याच्या पैशाची जागा मुदत ठेवीत लिहिली, कारण पाच वर्षांच्या आतल्या गरजेला शेअर्सही चालत नाहीत. उरले साडेचार लाख. त्यांना मी इंडेक्स फंड सुचवला, दर महिन्याला थोडे थोडे. त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "घर दिसतं तरी, मॅडम. हे दिसत नाही." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी मान हलवली. एजंटने रविवारपर्यंत विसार मागितला आहे. शनिवारी मिस्टरांना घेऊन या, तोवर देऊ नका, एवढं मी त्यांना सांगितलं आहे.