माझ्या गच्चीवरची क्षारपड

संक्रांत झाली की मी मोगऱ्याची छाटणी करते. गेल्या वर्षी छाटणीच्या दुसऱ्याच दिवशी कुंड्यांना खुराक घातला आणि घालताना हात जरा सैल सुटला. आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. गच्चीवर २२ कुंड्या. मामेभाऊ बापू तासगावचा, त्याची द्राक्षबाग आहे. त्याच्याकडून दिवाळीत १९:१९:१९ ची, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या रासायनिक खताची किलोभर पावडर मागून आणली होती. शिवाय शेणखत होतं, डीएपी या रासायनिक खताचे दाणे होते, शेंगपेंड भिजत घातलेली होती. एवढं घरात असताना झाडांना हात आखडता कशाला, असा माझा हिशोब. पाहुणा पोट धरून नको म्हणत असला तरी पानात आणखी एक पोळी टाकणारी माणसं आम्ही.

प्रत्येक कुंडीत दोन मुठी शेणखत, चमचाभर डीएपी, वरून पेंडेचं पाणी. आठ दिवसांनी बादलीभर पाण्यात मूठभर १९:१९:१९. मग दर आठवड्याला तेच.

सुरुवातीचे पंधरा दिवस झाडं अशी तरारली की मी फोटो काढून बहिणींना पाठवले. जास्वंदीचं पान तळहाताएवढं, पण कळी एक नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा मात्र मुंग्यांना घेऊन हजर. फेब्रुवारीत मोगऱ्याच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, उदबत्तीचा चटका द्यावा तशा. गुलाबाची खालची पानं पिवळी पडून गळली. दुपारी झाडं माना टाकायची, आणि बोट खुपसून बघावं तर माती ओली! तिथंच मला कळायला हवं होतं. मी काय केलं, तर झाड उपाशी आहे असं समजून खत वाढवलं. एका नर्सरीत विचारलं, त्यांनी टॉनिकची बाटली दिली. तीही ओतली.

मार्चमध्ये द्राक्षं उतरल्यावर बापू बेदाणा द्यायला आला. चहाचा कप घेऊनच गच्चीवर गेला.

“आक्का, खत किती घातलंस?”

“फार नाही रे. आपलं थोडं थोडं.”

“सगळंच थोडं थोडं?”

मी गप्प. त्यानं नखानं कुंडीची कड खरवडली. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी साय धरली होती, ती मला रोज दिसत होती; मी बुरशी समजून वर कडुलिंबाची पेंड टाकली होती. (म्हणजे आणखी खतच.) बापू म्हणाला, “बुरशी कसली? क्षारपड झालीया तुझी कुंडी.”

हा शब्द सांगलीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाणी आणि खत ढिलं सोडून सोडून काळ्या रानांवर पांढरा थर आलेला आम्ही लहानपणापासून बघतोय. रासायनिक खत म्हणजे शेवटी क्षारच. रानात ते पसरायला एकर असतो, कुंडीत वीतभर माती. त्यात गच्चीवर डाग पडू नयेत म्हणून मी प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवलेली. खाली झिरपलेलं खारं पाणी ताटलीत साचायचं आणि माती तेच परत ओढून घ्यायची.

त्यानं गुलाबाची एक कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढला. तंदुरुस्त मुळाचं टोक पांढरं असतं. माझ्या गुलाबाची मुळं चहात बुडवलेल्या दोऱ्यासारखी होती, ओढली की तुटत होती. ओल्या मातीत झाड तहानेनं का मरतं हे मला तेव्हा उमगलं, आणि तेही लोणच्यामुळं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की रात्रीत पाणी सुटतं ना, तसंच. मातीत क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढता येत नाही, फार झाले तर मुळांतलंच पाणी बाहेर येतं. आणि मी रोज मीठ चोळत होते.

उपाय रानातलाच, निचरा. रानात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारं पाणी बाहेर काढतात. इथं कुंडीच्या तळाचं भोक. निम्म्या कुंड्यांची भोकं मुळांनी आणि गाळानं बुजली होती, ती छत्रीच्या काडीनं मोकळी केली. ताटल्या काढल्या, कुंड्या विटांवर चढवल्या. वरची बोटभर माती पांढऱ्या थरासकट खरवडून टाकली. मग धुणं. बारा इंची कुंडीला दोन बादल्या पाणी, पण एकदम नाही. तांब्यातांब्यानं, पहिलं झिरपलं की पुढचं. बोअरचं पाणी मुळातच जड, म्हणून नळाचं वापरलं. ते येतं ठरावीक वेळेला, त्यामुळं २२ कुंड्यांना चार सकाळी गेल्या आणि माझ्या कमरेनं हिशोब मागितला.

पाण्याच्या फिल्टरसाठी आमच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन आहे. ते कुंडीखालच्या पाण्यात बुडवलं. नळाचं पाणी २४० दाखवणाऱ्या पेननं तिथं चार हजारांच्या वरचा आकडा दाखवला. दुसरी बादली संपताना तो हजाराखाली आला. तो उतरताना बघण्यात मला इतका रस वाटायला लागला की ह्यांनी खालून दोनदा हाक मारली तरी मी जेवायला गेले नाही.

एप्रिल-मे काहीही घातलं नाही. ऊन एवढं की झाड जगण्याच्या खटपटीत, त्याला खाऊ कशाला घालायचा? करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, ती कापून टाकली. दोन गुलाब गेलेच. मोगऱ्याला त्या उन्हाळ्यात जेमतेम गजऱ्यापुरती फुलं आली, पण जूनच्या पहिल्या पावसानंतर नवे फुटवे निघाले ते स्वच्छ, कडा न करपलेले.

आता स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा गच्चीवर जातो. माझी ती मूठ मोजून बघितली, ५५ ग्रॅम भरली. दहा लिटरच्या बादलीत ५५ ग्रॅम! आता त्याच बादलीत १० ग्रॅम, म्हणजे लिटरला एकच, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही झाड वाढीला लागलेलं असेल तरच. आदल्या दिवशी साधं पाणी देते, कोरड्या मातीत खत कधीच नाही. शेणखत घातलं त्या महिन्यात पावडरीला सुट्टी. डीएपी बापूच्या गाडीत परत टाकलं. जास्वंदीला फुलं हवी असतील तर पानं वाढवणाऱ्या नत्राचा भडिमार थांबव, एवढंच तो म्हणाला. थांबवला, आणि श्रावणात देवाला रोज पाच-सहा फुलं मिळाली.

जिन्यापाशी एक कढीपत्ता आहे. जुन्या तेलाच्या डब्यात लावलेला, खत घालताना दरवेळी विसरलेला. त्या सगळ्या भानगडीत त्याचं एक पानसुद्धा करपलं नव्हतं. परवा बापू आला तेव्हा त्याच्यापाशी थांबून म्हणाला, “आक्का, ह्याला काय घालतीस?”